लाइफस्पॅन डेव्हलपमेंट शिकताना पाठांतर कुठं पुरतं आणि कुठं फसतं

प्रश्न थोडक्यात असा होता: सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, या सेमिस्टरला लाइफस्पॅन डेव्हलपमेंटचा म्हणजे जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या विकासाचा पेपर आहे, सीनियर्स म्हणतात एकदम सोपा, स्टेजेस पाठ कर आणि मार्क घे, पण वाचायला बसलं की एरिक्सनच्या व्यक्तिमत्त्वाच्या आठ, पियाजेच्या मुलांच्या विचारशक्तीच्या चार, कोहलबर्गच्या नैतिक समजेच्या सहा, सगळ्यांची वयं एकमेकांत मिसळतात, मग हा विषय नीट शिकायचा कसा आणि पुढं याच्यात काही करता येतं का.

मी हा पेपर बावीस वर्षं शिकवतेय आणि त्याआधी काही वर्षं वयस्कर लोकांच्या स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या एका लॅबमध्ये होते, त्यामुळं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. आणि माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाची आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करते.

सीनियर्स अगदीच खोटं सांगत नाहीयेत. पाठ करून पास होता येतं, मी स्वतः तशीच पास झाले. माझ्याकडं एक मोठा तक्ता होता, आडवी वयं, उभे थिअरीवाले, चार रंगांच्या पेनांनी भरलेला, भिंतीवर चिकटवलेला, आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता. व्हायवाला बाहेरून आलेल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: सत्तर वर्षांच्या लोकांना स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये तीस वर्षांच्या लोकांपेक्षा कमी मार्क पडले, तर वयामुळं स्मरणशक्ती कमी होते असं म्हणशील का? मी म्हटलं हो. त्या म्हणाल्या, कशावरून? मी परत म्हटलं, कारण त्यांचे मार्क कमी आहेत. बाई माझ्याकडं बघत राहिल्या आणि मी त्यांच्या मागच्या भिंतीकडं. तक्त्यात याचं उत्तर कुठंच नव्हतं ना.

तर माझ्या मते हा पेपर खरा त्या 'कशावरून' चा आहे. कुठल्या वयात काय होतं ही माहिती कुठल्याही टेक्स्टबुकात मिळते. बदल झाला हे तुला कळलं कसं, तो वयामुळं झाला की दुसऱ्याच कशामुळं, आणि सगळ्यांच्यात झाला की फक्त सरासरीत दिसतोय, हे विचारायची सवय लागली की स्टेजेस आपोआप लक्षात राहायला लागतात, कारण प्रत्येक स्टेजमागं कुणीतरी केलेला एक प्रयोग असतो आणि त्या प्रयोगावर भांडलेला दुसरा कुणीतरी असतो. भांडणं लक्षात राहतात, तक्ते राहत नाहीत.

आधी त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते एकदा डोक्यात बसलं की अर्धा पेपर सुटला. सत्तरीतली माणसं आणि तिशीतली माणसं यांच्यात वयाचा फरक आहेच, पण ती वेगवेगळ्या काळात जन्मलेली आहेत, म्हणजे शाळा किती वर्षं मिळाली, लहानपणी आजारपणं कुठली झाली, असल्या टेस्ट द्यायची सवय किती, सगळंच वेगळं. एका काळात जन्मलेल्या लोकांच्या गटाला कोहॉर्ट म्हणतात. एकाच दिवशी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना तपासलं, म्हणजे क्रॉस-सेक्शनल स्टडी केला, तर वयाचा परिणाम आणि कोहॉर्टचा परिणाम एकमेकांत असा मिसळतो की वेगळा काढता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लोकांना खरोखर वाटत होतं की बुद्धी विशीत टोकाला जाते आणि मग उतरणच. वॉर्नर शाय या माणसानं १९५६ मध्ये सिअ‍ॅटलला विशीपासून सत्तरीपर्यंतचे साधारण ५०० लोक तपासले आणि मग दर सात वर्षांनी त्यांनाच परत परत बोलावलं. त्याच माणसांना त्यांच्याशीच ताडून बघितल्यावर चित्र बरंच बदललं, बऱ्याचशा क्षमता पन्नाशीच्या शेवटापर्यंत किंवा साठीपर्यंत टिकून राहतात, शब्दांची समज तर मधल्या वयात वाढलेलीच दिसते, आणि वेग मात्र लवकर, तरुणपणानंतरच, कमी व्हायला लागतो. आधीच्या अभ्यासांमध्ये जी मोठी उतरण दिसत होती तिच्यातला बराच भाग वयाचा नव्हताच, तो पिढ्यांमधला फरक होता.

इथं विद्यार्थी खूश होतात आणि लिहून टाकतात की लॉन्गिट्युडिनल स्टडी, म्हणजे तीच माणसं परत परत तपासणं, चांगला, क्रॉस-सेक्शनल वाईट. थांब जरा. तीच माणसं वर्षानुवर्षं बोलावली की त्यातली काही येईनाशी होतात, आणि सोडून जाणारी माणसं सहसा जास्त आजारी किंवा टेस्टमध्ये कमी पडणारी असतात, म्हणजे शेवटी जी उरतात ती आधीपासूनच जरा मजबूत असलेली. शिवाय तीच टेस्ट चौथ्यांदा देताना सराव झालेला असतो. म्हणजे क्रॉस-सेक्शनलमध्ये उतरण आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते आणि लॉन्गिट्युडिनलमध्ये आहे त्यापेक्षा कमी. शायनं म्हणूनच दर वेळी जुन्या लोकांबरोबर नवीन लोकही घेतले. न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा अभ्यास या बाबतीत बघण्यासारखा आहे, १९७२-७३ मध्ये जन्मलेली १०३७ मुलं घेतली आणि ती ४५ वर्षांची झाली तेव्हाही हयात असलेल्यांपैकी साधारण ९४ टक्के लोक तपासायला आले, त्यासाठी परदेशात गेलेल्यांना तिकिटं काढून बोलावून घेतात. संशोधनातला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे पत्ते अपडेट ठेवणं, आणि त्यावरच अख्खा अभ्यास उभा असतो.

आता एक काम कर, वाचू नकोस नुसतं, कागद घे. उभ्या बाजूला जन्मवर्षं लिही १९४०, १९६०, १९८०. आडव्या बाजूला तपासणीची वर्षं लिही २०००, २०१०, २०२०. खान्यांमध्ये वय भर. पहिल्या ओळीत ६०, ७०, ८० येईल, दुसऱ्या ओळीत ४०, ५०, ६०, तिसऱ्या ओळीत २०, ३०, ४०. उभा रकाना वाचलास की क्रॉस-सेक्शनल, २००० साली तपासलेले ६०, ४० आणि २० वर्षांचे. आडवी ओळ वाचलीस की लॉन्गिट्युडिनल, तीच माणसं ६०, ७०, ८० ची होताना. आणि आता ६० हा आकडा शोध, दोनदा आलाय, एकदा १९४० वाल्यांचा २००० मध्ये आणि एकदा १९६० वाल्यांचा २०२० मध्ये. वय तेच, पण पिढी वेगळी आणि काळही वेगळा, याला टाइम-लॅग म्हणतात. आता बघ, कुठल्याही खान्यात तीनपैकी दोन गोष्टी माहीत असल्या की तिसरी ठरलेलीच असते, वय म्हणजे तपासणीचं वर्ष वजा जन्मवर्ष. म्हणून वय, काळ आणि पिढी या तिघांचा परिणाम नुसत्या आकडेमोडीनं पूर्ण वेगळा करताच येत नाही, काहीतरी गृहीत धरावंच लागतं. हे ज्याला स्वतःच्या हातानं खाने भरून कळलं तो विद्यार्थी परीक्षेत या प्रश्नावर कधीच अडकत नाही, आणि मी हे बावीस वर्षांत बघितलंय.

पिढीचा परिणाम म्हणजे नुसता त्रास देणारा गोंधळ आहे असंही नाही बरं का, कधीकधी तोच खरा विषय असतो. ग्लेन एल्डरनं अमेरिकेतल्या महामंदीतून गेलेल्या मुलांचा डेटा घेतला, एक गट १९२०-२१ च्या आसपास जन्मलेला, म्हणजे मंदी आली तेव्हा शाळेत जाणारा आणि पुढं टीनएजमध्ये शिरणारा, दुसरा गट १९२८-२९ चा, म्हणजे तेव्हा अगदी बाळं. संकट एकच. पण मोठी मुलं घरकामाला लागली, बाहेर छोटीमोठी कामं करून पैसे आणायला लागली आणि त्यातली बरीच पुढं चांगली सावरली, आणि धाकट्या गटातल्या मुलग्यांवर जास्त वाईट परिणाम दिसला, कारण ते वयानंच पूर्णपणे घरावर अवलंबून होते आणि घरच हललेलं होतं. एखादी घटना काय करते ते ती कुठल्या वयात गाठते त्यावर असतं. एवढं एक उदाहरण नीट मांडता आलं तर उत्तरात 'संदर्भ महत्त्वाचा असतो' असलं पोकळ वाक्य लिहायची गरज पडत नाही.

आता थिअरी वाचायची कशी. माझी पद्धत अशी की आधी त्या माणसानं काय बघितलं ते शोधायचं, स्टेजचं नाव नंतर. पियाजेचा कॉन्झर्व्हेशनचा, म्हणजे आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं हे मुलाला कळतं का त्याचा, प्रयोग घे. दोन सारखे ग्लास, दोन्हीत सारखं पाणी, मूल सांगतं सारखं आहे. मग त्याच्यासमोर एका ग्लासातलं पाणी उंच आणि बारीक ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता? चार-पाच वर्षांचं मूल बोट दाखवून सांगतं की यात जास्त आहे, आणि ते इतक्या खात्रीनं सांगतं की पहिल्यांदा बघणारा विद्यार्थी हसतोच. माझ्या एका बॅचला मी हे प्रत्यक्ष करून बघायला लावलं होतं, पालकांची परवानगी घेऊन, आणि एका मुलीनं दुसऱ्यांदा प्रश्न विचारल्यावर पाच वर्षांच्या पोरानं तिच्याकडं संशयानं बघत म्हटलं, 'मघाशी सांगितलं ते चुकलं का?' ती विद्यार्थिनी गोंधळून माझ्याकडं आली की मॅडम याचा स्कोअर काय लावू. मी म्हटलं, स्कोअर राहू दे, त्यानं तुला अख्खं लेक्चर दिलंय.

कारण हीच तर पियाजेवरची टीका आहे. मोठं माणूस तोच प्रश्न लगेच परत विचारतं तेव्हा मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं असणार, नाहीतर परत कशाला विचारेल, आणि शिवाय मोठ्या माणसानं मुद्दाम काहीतरी बदललंय म्हणजे त्याबद्दलच विचारत असणार. १९७० च्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एक खोडकर टेडी बेअर आणला, तो येऊन मांडलेल्या वस्तूंची ओळ विस्कटून टाकतो, म्हणजे बदल 'चुकून' झाला, आणि मग प्रश्न विचारला तर चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं बरोबर उत्तर द्यायला लागली. म्हणून पियाजे फुकट गेला का, तर नाही, अगदी लहान मुलं चुकतातच आणि मोठी चुकत नाहीत, क्रम बराचसा टिकतो. पण मुलाला येत नाही की आपल्याला विचारता येत नाही, हा प्रश्न आता कायमचा तुझ्या डोक्यात राहील. तोच प्रश्न घेऊन रेने बेयार्जनचे बाळांवरचे प्रयोग वाच, तिथं बोलायचा प्रश्नच नाही, बाळ अशक्य घटनेकडं जास्त वेळ बघतं का एवढंच मोजतात, आणि काही महिन्यांच्या बाळांनाही वस्तू झाकली तरी ती तिथं असते याची जाण असावी असं त्यातून निघतं. आणि मग त्यावरची टीकाही वाच, की जास्त वेळ बघणं म्हणजे नक्की काय, आश्चर्य की नुसतं काहीतरी नवीन दिसलं म्हणून. ही साखळी एकदा वाचली की पियाजेची ती बाळांची पहिली स्टेज, सेन्सरीमोटर का काय, कुठल्या वयाची होती हे विसरायचा प्रश्न येत नाही.

अटॅचमेंटच्या, म्हणजे बाळाच्या जवळच्या माणसाशी जुळलेल्या नात्याच्या, बाबतीत एक ठरलेली चूक होते, दर वर्षी पेपर तपासताना भेटते. मेरी एन्सवर्थची स्ट्रेंज सिच्युएशन म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाचं बाळ, अनोळखी खोली, तीन-तीन मिनिटांचे छोटे भाग, आई बाहेर जाते आणि परत येते. विद्यार्थी लिहितात की सिक्युअर, म्हणजे आईशी नातं भरवशाचं असलेलं, बाळ रडत नाही. अगं, सिक्युअर बाळ चांगलं भोकाड पसरून रडू शकतं. बघायचं असतं ते आई परत आल्यावर, तिच्याकडं जातं का, जवळ घेतल्यावर शांत होतं का, आणि परत खेळायला लागतं का. आणि अजिबात न रडणारं, आई आली तरी मान वळवून खेळण्यातच डोकं घालणारं बाळ हे समजूतदार नसून अव्हॉइडंट, म्हणजे जवळीक टाळणाऱ्या, गटातलं असू शकतं. याचे जुने व्हिडिओ मिळतात, आवाज बंद करून फक्त परत येण्याची तीस सेकंदं दहा वेळा बघ. पुढं जर्मनीतल्या एका शहरात अव्हॉइडंट बाळं जास्त निघाली आणि जपानमध्ये आईला चिकटून रडणारी जास्त, आणि लोकांनी लगेच देशांवर शिक्के मारले, पण १९८८ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर एकाच देशातल्या दोन अभ्यासांमधला फरक हा देशा-देशांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. आणि जपानी बाळांना मुळात एकटं सोडलं जाण्याची सवयच कमी होती, मग टेस्ट त्यांच्यासाठी जास्तच भीतिदायक झाली असणार हे उघड आहे.

सरासरीच्या भानगडीबद्दल पण बोलायला हवं, कारण पालक झालेले मित्र तुला यावरूनच छळणार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी बाळं स्वतंत्र चालायला लागायची रेंज साधारण ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत आहे, आणि चारेक टक्के बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढं गेली. आणि चार्टमध्ये दिसणारी ती छान गुळगुळीत वर चढणारी रेघ? समज शंभर मुलं आहेत, प्रत्येकाला एखादी गोष्ट एका झटक्यात यायला लागते, आज नाही उद्या आहे, पण प्रत्येकाचा दिवस वेगळा. सगळ्यांची सरासरी काढलीस की हळूहळू चढणारी रेघ मिळेल आणि ती रेघ त्या शंभरातल्या एकाही मुलाची नसेल. कॅरन अ‍ॅडॉल्फच्या टीमनं चालायला शिकणाऱ्या मुलांची खरीखुरी पावलं मोजली, मोकळं खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तिचीच दुसरी गोष्ट मला फार आवडते, रांगणारं बाळ काही आठवड्यांत शिकतं की तीव्र उतारावरून जायचं नाही, आणि तेच बाळ उभं राहून चालायला लागलं की परत त्याच उतारावरून बिनधास्त खाली निघतं, म्हणजे शिकलेलं शरीराच्या नव्या पद्धतीत आपोआप येत नाही, परत शिकावं लागतं. विकास म्हणजे जिना चढणं असं ज्यांना वाटतं त्यांना हे उदाहरण द्यायचं.

हं, आणि जुन्या गाजलेल्या गोष्टींपासून सावध राहा. मार्शमेलो टेस्ट सगळ्यांना माहीत असते, आत्ता एक गोड खाऊ की थोडं थांबून दोन, जे मूल थांबतं ते पुढं यशस्वी होतं वगैरे, पण २०१८ मध्ये जास्त मोठ्या आणि जास्त वेगवेगळ्या घरांतल्या मुलांवर बघितलं तर संबंध बराच छोटा निघाला आणि घरची परिस्थिती धरल्यावर त्यातला बराचसा गेलाच. नवजात बाळं जीभ बाहेर काढायची नक्कल करतात हा १९७७ चा प्रसिद्ध प्रयोग, २०१६ च्या मोठ्या अभ्यासात तो टिकला नाही, वाद अजून चालू आहे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉसच्या मरणाला सामोरं जाण्याच्या पाच स्टेजेस १९६९ च्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंट्सशी बोलून आलेल्या होत्या, जवळचं माणूस गेल्यावर सगळे याच क्रमानं जातात असा पक्का पुरावा नाही, तरी टेक्स्टबुकांत अजून तसंच छापलेलं सापडतं. बालपण बिघडलं की आयुष्य बिघडलं हेही असंच. कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नरनं माग ठेवला, त्यातल्या बऱ्याच अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली, कर्तबगार मोठी झाली. पण याला उलटी बाजू आहे, रुमानियातल्या अनाथालयांतून दत्तक गेलेल्या मुलांच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली बहुतेक मुलं सावरली आणि त्याहून जास्त काळ तिथं राहिलेल्यांमध्ये बऱ्याच जणांना काही त्रास मोठेपणीही राहिले. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच उत्तरात लिहिता येणं हीच मार्कांची जागा.

आता माझ्या लाडक्या भागाकडं येते, ज्याला बहुतेक सिलॅबस शेवटचे दोन आठवडे देतात आणि त्यातलाही एक आठवडा रिव्हिजनमध्ये जातो. वयाच्या विसाव्या वर्षानंतरचं सगळं आयुष्य. साठ वर्षं दोन आठवड्यांत! आणि तेही बहुतेक वेळा काय काय कमी होतं याची यादी म्हणून. पॉल बाल्टेसनं १९८७ मध्ये मांडलेला मुद्दा असा की आयुष्याच्या कुठल्याही टप्प्यावर मिळणं आणि गमावणं दोन्ही एकदम चालू असतं, फक्त प्रमाण बदलत जातं. बाळसुद्धा गमावतं, सहा महिन्यांचं बाळ जगातल्या कितीतरी भाषांमधले आवाजातले फरक ओळखतं आणि वर्षाचं होईपर्यंत आपल्या भोवतीच्या भाषेत नसलेले फरक त्याला ऐकू येईनासे होतात, आणि तीच तर भाषा शिकण्याची खूण असते.

वय वाढताना माणूस कसं जमवून घेतो याचं बाल्टेसचं एक मॉडेल आहे, त्याचं उदाहरण म्हणजे पियानोवादक आर्थर रूबिनस्टाइन. म्हातारपणी इतकं चांगलं कसं वाजवता असं विचारल्यावर त्यानं सांगितलं होतं की मी आता कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त सराव करतो, आणि वेगवान भाग यायच्या आधी जरा हळू होतो म्हणजे पुढचा भाग आहे त्यापेक्षा जलद वाटतो. निवड, निवडलेल्यावर मेहनत, आणि कमी पडतंय त्याची भरपाई, बाल्टेसच्या मॉडेलचे तिन्ही भाग त्या एका उत्तरात आहेत. परीक्षेत मॉडेलची व्याख्या लिहिण्याआधी हे लिही, मग व्याख्या.

माझ्या लॅबमधलं पण एक सांगते. बटण दाबायची साधी टेस्ट होती, स्क्रीनवर शब्द येतो, मघाच्या यादीत होता की नव्हता ते पटकन सांगायचं. एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, फार हळू करत होत्या, मी मनात उतरणीचा ग्राफ काढून मोकळी. टेस्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, 'एकही चुकलं नाही ना माझं?' बघितलं तर जवळजवळ सगळं बरोबर. आणि त्यांच्या आधीचा विशीतला मुलगा धडाधड बटणं दाबून, चार चुकवून, हसत गेला होता. आम्ही सूचना दिली होती 'लवकर आणि बरोबर', मुलानं त्यातलं लवकर ऐकलं आणि आजींनी बरोबर. हे माझं एकटीचं निरीक्षण नाही, रॉजर रॅटक्लिफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॉडेल लावून दाखवलंय की वयस्कर लोक हळू उत्तर देतात त्यात सावधपणाचा वाटा बराच असतो, चूक नको म्हणून ते जास्त पुरावा जमेपर्यंत थांबतात, आणि बऱ्याच कामांमध्ये माहिती वापरण्याची क्षमता तरुणांइतकीच निघते. सगळ्याच कामांत नाही, नवीन जोड्या लक्षात ठेवणं वगैरे खरंच अवघड जातं, ते लपवायचं कारण नाही. पण 'स्लो' या एका शब्दात किती गोष्टी दडलेल्या असतात हे त्या दिवशी कळलं.

लॉरा कार्स्टनसनचं काम पण याच भागात वाच, वय वाढलं की लोक मोजक्या जवळच्या माणसांत रमतात, त्याचं कारण ती वयात शोधत नाही, पुढं किती वेळ उरलाय असं वाटतं त्यात शोधते, आणि तरुणांनाही वेळ थोडाच आहे असं वाटलं की तेही जवळच्यांनाच निवडतात. म्हणजे वय हे इथं कारण नाहीच, वयाच्या आड दुसरंच काहीतरी उभं आहे. मिडलाइफ क्रायसिस सगळ्यांना येतो असा पुरावा नाही, त्यावर जास्त वेळ घालवू नकोस. एमर्जिंग अ‍ॅडल्टहूड, म्हणजे १८ ते २५ हा वेगळाच टप्पा आहे असं आर्नेटनं २००० मध्ये मांडलं, ते वाच आणि स्वतःला विचार की ज्यांना अठराव्या वर्षी कामाला लागावं लागतं त्यांना हा टप्पा असतो का. क्लासमध्ये यावर हमखास भांडण होतं, होऊ दे.

असाइनमेंटमध्ये ऑब्झर्व्हेशन असेल, बहुतेक असतंच, तर एक टिप. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते वेगळ्या रकान्यात. 'बाळ चिडलं' हे वाटलेलं आहे. 'बाळानं ठोकळा दोनदा जमिनीवर आपटला, आईकडं बघितलं, आईनं फोनमधून मान वर केली नाही, बाळानं ठोकळा सोडला आणि तिची ओढणी ओढली' हे दिसलेलं. पहिल्यात काही मिळत नाही, दुसऱ्यात असाइनमेंटची चार पानं आहेत. दहा मिनिटं पुरतात, तासभर बसलीस तर आळस येतो आणि मग चिडलं, खूश झालं सुरू होतं. परवानगी पालकांची घ्यायचीच पण मुलाला नको असेल तर थांबायचं, पालकांनी सही केलीय म्हणून ओढत न्यायचं नाही. आणि कृपा करून चुलत भावंडांना डायग्नोसिस देऊ नकोस, हा आजार तिसऱ्या आठवड्यात सगळ्या बॅचला होतो.

वयांचा तक्ता लागतोच, तो एका पानावर एका संध्याकाळी कर आणि तिथंच सोड. वेळ द्यायचा तो मूळ प्रयोगांना, आठ-दहा निवड, प्रत्येकासाठी एक पान, काय बघितलं, कसं विचारलं, कोण भांडलं आणि ज्यांच्यावर केलं ती माणसं कोण होती. शेवटचं विसरू नकोस, कारण या विषयातला बराचसा डेटा पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू घरांमधल्या लोकांचा आहे आणि २०१० मध्ये हेन्रिक, हाइन आणि नोरेनझायन यांनी हे नीट मांडल्यापासून कुणालाच ते नजरेआड करता येत नाही.

पुढं काय करता येतं, तर शाळेत काउन्सेलिंग, मुलांचं क्लिनिकल काम, डेव्हलपमेंटल डिले म्हणजे विकास मागं पडलाय का ते ओळखायचं काम, न्यूरोसायकॉलॉजी, वयस्कर लोकांसाठीच्या सेवा, रिसर्च, मुलांसाठीचं शैक्षणिक साहित्य तयार करणं, बरंच आहे. पण डिग्रीवर थेट मिळणारं थोडं, माणसांवर उपचार करायचे तर पुढचं शिक्षण, सुपरव्हिजनखालचं काम आणि बहुतेक ठिकाणी लायसन्स लागतं. वयस्करांच्या बाजूला येणारे विद्यार्थी नेहमीच कमी असतात, सगळ्यांना बाळं हवी असतात, आणि जगभर म्हाताऱ्यांची संख्या वाढतेय, तेव्हा याचा विचार कर. लहान मुलं आवडतात म्हणून हा विषय घेणाऱ्यांना मी एवढंच विचारते की स्टॅटिस्टिक्स आवडतं का, कारण रिसर्चला जायचं तर तीच माणसं परत परत मोजलेल्या डेटाचं काय करायचं, मधेच गळलेल्यांचं काय करायचं, प्रत्येकाची रेघ वेगळी कशी काढायची, हे सगळं मल्टिलेव्हल मॉडेल्समध्ये आहे आणि ते टाळून पुढं जाता येत नाही. पुढच्या वर्षी ते ऑप्शनल म्हणून असेल तर घे, अवघड आहे म्हणून सगळे सोडतील, तू घे. आणि तो जन्मवर्षांचा तक्ता भरताना कुठल्या खान्यात अडलीस ते लिही, म्हणजे तिथून पुढं सांगते.